तिच्या वाटणीचा नांगर

त्या तुकडीत आईबापांनी ठेवलेलं नाव कोणाचंच टिकायचं नाही. नवं नाव मिळवावं लागायचं, आणि ते पराक्रम करून नाही, चूक करून.

तुकडीचं काम पुलाचं. नदीवर लोखंडी पोकळ तराफे ओळीने उभे करायचे, नांगर टाकून ते जागेवर धरायचे, त्यांच्यावर पोलादी पट्ट्या जोडायच्या आणि पलीकडच्या काठावर लढणाऱ्यांसाठी ट्रकमागून ट्रक सोडायचे. शत्रूची विमानं येऊन पूल मोडायची, तुकडी तो पुन्हा जोडायची. जोडणारी माणसं अर्धवट झोपेची, अर्धवट जेवलेली. चुका व्हायच्याच. चूक कोणतीही असो, शिक्षा एकच होती. तराफ्यांच्या नांगरांपैकी एक जुना नांगर आकडा मोडल्यामुळे पाण्यात टाकायच्या कामाचा राहिला नव्हता. तो चुकणाऱ्याने खांद्यावर घ्यायचा, नदीकाठापासून छावणीच्या फाटकापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. दोन्ही बाजूंना सगळी तुकडी उभी असायची आणि यथेच्छ तोंडसुख घ्यायची. माणूस परत आला की उस्ताद, म्हणजे तुकडीतले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांना काम शिकवणारे गृहस्थ, स्वतःच्या हाताने त्याला चहाचा मग द्यायचे आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव ठेवायचे.

पडलेला घण वाचवायला नदीत उडी मारून घणही घालवला आणि स्वतःही गटांगळ्या खाल्ल्या, तो पाणबुड्या. पहाऱ्यावर बसल्या बसल्या असा घोरला की विमान आलं समजून अख्खी छावणी खंदकात शिरली, तो घोरासुर. सगळ्यांचं जेवण जाळणारा तो करपट. एकदा नाव पडलं की त्या चुकीवरून चेष्टा करायची मुभा सगळ्यांना, पण दोष द्यायची मुभा कोणालाच नाही. नांगर उचलला, चूक फिटली. फार शहाणपणाची पद्धत होती असं नाही, पण माणसाला मान खाली घालून जगावं लागत नव्हतं, एवढं मात्र खरं.

एकाच माणसाला तिथे असं नाव नव्हतं. तिला सगळे ताई म्हणायचे.

ती गेट आणि ग्रिल बनवणाऱ्याची मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींच्या मधे लोखंडाच्या किसाने कायम करकरणारा उंबरा. तिच्या भावाला लोखंडाचा वास सोसायचा नाही. तो पोस्टात चिकटला. बापाचा धंदा मग मुलीच्या हातात आला. आई डोक्याला हात लावायची. "डोळे जातील कार्टीचे! मग कोण करील हिला?" बाप जोडकामाच्या मुखवट्याआडून म्हणायचा, "डोळे जायच्या आधी काच बदलू. तू चहा टाक."

लढाई लांबली, पुरुष कमी पडायला लागले, तेव्हा बायकांनाही बोलावणं आलं. स्वयंपाकघर, दवाखाना, कपड्यांचं कोठार, असल्या कामांसाठी. भरती करणाऱ्याने तिला विचारलं, "काय काय येतं?"

"जोडकाम येतं."

"म्हणजे शिवण?"

"हो. लोखंडाची."

तो हसला आणि तिला पुलाच्या तुकडीकडे पाठवून मोकळा झाला. तिथे उस्तादांनी तिच्यापुढे एक फुटका तराफा टाकला. तिने तो सांधला. उस्तादांनी त्यात पाणी भरलं, खालून हात फिरवला, हात कोरडा आला. "चालेल," एवढंच म्हणाले. उस्तादांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती कोणी ऐकलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी करपटने तिला ताई म्हटलं. तिलाही बरं वाटलं. एवढ्या पुरुषांत एकटी बाई. ताई म्हटलं की निदान नजर तरी जागेवर राहते. त्या शब्दाला भिंतीसुद्धा असतात हे तिला नंतर कळलं. ताईसमोर शिव्या द्यायच्या नाहीत, म्हणून ती आली की गप्पा थांबायच्या. ताईने जड उचलायचं नाही, म्हणून तिच्या हातातली पहार कोणीतरी काढून घ्यायचं. ताईने बसायचं. ती कुठेही उभी राहिली की कोणीतरी खोकं सरकवायचं. "ताई, बस ना!"

"अरे, बसायला आले का मी इथे?" ती म्हणायची. ते हसायचे आणि खोकं आणखी जवळ सरकवायचे.

तरी काम मिळत गेलं. तराफे सांधून झाले की ती पाणबुड्याबरोबर पुलावर जायची. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे मनगटाएवढी जाड पिन ठोकायची, हे पाणबुड्याचं काम. पिनेच्या टोकाच्या भोकात एक छोटी पोलादी कडी अडकवायची, हे तिचं. भार पिन सोसते, पण कडी नसली तर ट्रकांच्या हादऱ्यांनी ती सरकत सरकत बाहेर येते. पाणबुड्या घण घालताना अखंड बडबड करायचा. पुलावर तो विसरून जायचा की आपल्यासमोर ताई आहे. एकदा घण निसटला तेव्हा त्याने अशी काही शिवी हासडली की स्वतःच कान पकडले. ती म्हणाली, "थांबलास का? पुरी कर ना." त्या दिवसापासून दोघांचं जमलं. इतकं, की घोरासुराची जोडी मोडली तेव्हा उस्ताद म्हणाले, "त्या दोघांना नका हलवू. ती जोडी चालते."

आणि मग ती सकाळ आली.

पूल पुन्हा जोडत आणला होता. एका पिनेपाशी तिच्या हातात कडी आली ती वाकड्या तोंडाची. पिशवीत दुसरी उरली नव्हती. तिने ती शर्टाच्या खिशात टाकली. काठावर जाऊन ऐरणीवर सरळ करायची आणि परत येऊन लावायची. ती काठावर पोचली तोच ओरडा झाला. टोकाच्या तराफ्यात पाणी शिरत होतं. ती जोडकामाचं यंत्र घेऊन धावली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिने तराफा सांधला, पूल वाचला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा ताई! मानलं!" त्या गडबडीत कडी खिशातच राहिली.

दुपारच्या आधी बुटांचा ट्रक पुलावर आला. पलीकडच्या काठावरच्या जवानांचे बूट चिखलाने कुजले होते, ते कधीपासून या ट्रकाची वाट बघत होते. तो नेमका मध्यावर आला आणि पिन निसटली. पट्टी खचली, ट्रक एका अंगावर कलला, मागची फळी उघडली आणि खोकी धडाधड पाण्यात गेली. ड्रायव्हरने उडी मारली. तो ओलाचिंब होऊन काठाला लागला आणि जगातल्या सगळ्या पूल बांधणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसला. फुटलेल्या खोक्यांतले बूट क्षणभर पाण्यावर चालल्यासारखे दिसले, मग एकेक करून बुडाले.

तिचा हात खिशाकडे गेला. कडी तिथेच होती.

संध्याकाळी काठावर तुकडी उभी राहिली. तुकडीचे साहेब वयाने फार मोठे नव्हते. स्वभावाने गोड माणूस. कोणाला टाकून बोलायचा नाही. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पाणबुड्या, पुढे ये."

पाणबुड्या पुढे आला. तोंड उघडंच.

"पिन तुझी होती."

"पिन मी ठोकली साहेब, नीट ठोकली. कडी…"

"कडी लागली की नाही हे बघायला नको? बरोबर बाईमाणूस आहे म्हटल्यावर जबाबदारी कोणाची?"

ती ओळीतून बाहेर आली. खिशातली कडी काढून तिने तळहातावर धरली. "साहेब, चूक याची नाही. ही बघा. मी खिशात टाकली आणि विसरले. नांगर माझा आहे."

साहेबांनी कडी उचलली, बोटांत फिरवली, आणि हसले. अगदी मायेने हसले, हे सांगायलाच हवं. "ताई, सकाळी तूच पूल वाचवलास. तुझ्या मनाला लागलंय, कळतंय मला. जा, आराम कर." आणि त्यांनी ती कडी नदीत भिरकावून दिली. "झालं? संपलं!"

काय संपलं? नांगर पाणबुड्याने उचलला. दुसऱ्यांदा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही चोर समोर उभा राहून "मी चोर, मी चोर" म्हणून सांगत असताना! त्या दिवशी कोणी तोंडसुख घेतलं नाही. फाटकाजवळ पाणबुड्याचा पाय दगडावर घसरला, नांगराचा दांडा खांद्यात बसला, आणि तो तसाच परत आला. उस्तादांनी चहा दिला. नाव ठेवलं नाही, नाव आधीच होतं. पाणबुड्याने चहाचा मग खाली ठेवला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती उस्तादांच्या तंबूत गेली. ते हत्यारं पुसत बसले होते.

"उस्ताद, मला नांगर द्या."

"पोरी, बस."

"बसणार नाही. नांगर द्या."

"साहेबांनी सोडलंय ना तुला? मग मी कोण?"

"मी साहेबांची तक्रार नाही आणली. तुमचीच पद्धत आहे ना? चूक केली की नांगर. मी केली."

उस्तादांनी फडकं बाजूला ठेवलं. "हे बघ. तुझ्या खांद्यावर नांगर दिला आणि कोणी वरपर्यंत पोचवलं, की अमुक तुकडीत बाईमाणसाचे हाल करतात, तर साहेब जातील. साहेबांच्या आधी मी जाईन. आणि तुला काय कमी आहे? कोणी बोललं का तुला?"

"कोणी बोलत नाही, तेच तर!"

त्यांनी चहाचा मग भरून तिच्यापुढे धरला. वर साखरेचा जास्तीचा चमचा. तिने मग घेतला, तंबूच्या दारात ओतला आणि रिकामा परत ठेवला. नांगर उचलल्याशिवाय उस्तादांच्या हातचा चहा म्हणजे भीक. भिकेची तिला सवय नव्हती.

उस्ताद वाईट माणूस नव्हते. साहेबही नव्हते. संताप येतो तो इथेच. वाईट माणसाशी दोन हात तरी करता येतात. या भल्या माणसांनी तिला असं अलगद उचलून बाजूला ठेवलं होतं, जसं घर सारवताना रांगतं पोर उचलून खाटेवर ठेवतात.

त्यानंतर तिच्याबरोबर पुलावर जायला कोणी तयार होईना. तोंडावर कोणी बोललं नाही. घोरासुराचं पोट दुखायला लागलं, करपटचा गुडघा. शेवटी भांडी घासायच्या जागी तिने करपटला धरलं. "खरं सांग. मी काम वाईट करते?"

"छे छे, ताई!"

"मग?"

करपट पातेल्यात बघत म्हणाला, "आता तुला खोटं कशाला सांगू. माझ्या हातून चुकलं तर माझा नांगर. ठीक आहे. पण तुझ्या हातून चुकलं तरी माझाच नांगर. असा दुप्पट सौदा कोण करील? तुझ्यावर राग नाही हं कोणाचा."

राग नाही! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग असता तर बरं झालं असतं. माफी तिला मिळाली, किंमत पाणबुड्याने दिली, आणि त्या माफीपायी तिच्या हातातलं काम गेलं. करपटचं तरी काय चुकलं होतं? त्याचा हिशेब बरोबरच होता. तो मांडून ठेवणारे मात्र तिकडे स्वतःच्या चांगुलपणावर खूश होते.

तिला काठावरची कामं दिली गेली. तराफे सांधणं, मग धुणं, पलीकडून येणाऱ्या जखमींना पाणी देणं. एका सकाळी पुलावरून एक जवान चालत आला. बंदूक नव्हती, काठी होती. पायांना पोत्याचे तुकडे गुंडाळून वर सुतळी बांधलेली, आणि पोतं जिथे जिथे टेकत होतं तिथे लाल ठसा. तो तिच्यापाशी थांबला.

"ताई, पाणी आहे का?"

तिने पाणी दिलं. तो प्याला, तोंड पुसलं. "तुमच्या पुलावरून बूट येणार होते म्हणे," तो म्हणाला. "आलेच नाहीत. कोणीतरी हलगर्जीपणा केला असणार." आणि लंगडत पुढे गेला.

"मी केला," ती म्हणाली. पण तोवर तो दूर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपली, आणि ती सरळ चालत काठाकडे गेली. कोणाला काही कळायच्या आत तिने नांगराच्या दांड्याखाली खांदा घातला, गुडघे ताठ केले आणि उभी राहिली. जड होता. पण गेटांच्या चौकटी तिने लहानपणापासून उचलल्या होत्या. तिने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आता ते दोन्ही बाजूंना उभे राहतील, तिला वाटलं. आता कोणीतरी ओरडेल, शिवी देईल, हसेल.

चौघंजण धावत आले.

"अगं ताई, काय हे! आम्ही मेलो का?"

"सोड, सोड, लागेल!"

"कुठे ठेवायचाय, सांग फक्त!"

आणि त्यांनी नांगर तिच्या खांद्यावरून उतरवला. ती दोन्ही हातांनी दांडा धरून राहिली तर घोरासुराने तिची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून खेळणं काढावं तशी. मागे पाणबुड्या उभा होता. तो आला नाही, काही बोललाही नाही. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

लढाई संपली. ज्याचा त्याचा गाव ज्याला त्याला. ती घरी आली तेव्हा बाप खचला होता. दुकान तिनेच उघडलं. वहिनीने, म्हणजे पोस्टातल्या भावाच्या बायकोने, एकदा भाजी निवडता निवडता सगळी हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे शिक्षा झाली नाही म्हणून तू एवढी धुसफुसतेस? अगं बाई, लोक नवस करतात सुटायला!"

"वहिनी, तुझ्या हातून दूध नासलं आणि आई म्हणाली, जाऊ दे, हिला काय कळतंय. आणि मग मोलकरणीला झोडपलं. तर?"

वहिनी निवडायची थांबली. "तर मी आईंना दाखवलं असतं," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी तो विषय चेष्टेत काढला नाही.

तिने लग्न केलं नाही. गेटं केली. गावातल्या निम्म्या घरांची फाटकं तिच्या हातची. गिऱ्हाईक आत येऊन "ताई, जरा बघा ना" म्हणालं की ती मुखवटा वर करून सुनवायची, "ताई म्हणू नका. दर तोच राहणार." लोक हसायचे. विक्षिप्त म्हणायचे. तिच्या सांध्यावर मात्र कोणी बोट ठेवू शकलं नाही. प्रत्येक काम झाल्यावर ती खिसे उलटे करून बघायची. ही सवय कशी लागली हे कोणी विचारलं नाही.

केस पांढरे झाले, बाप गेला, आई गेली. आणि एक दिवस दुकानासमोर गाडी थांबली. साहेब उतरले. काठी टेकत, पण हसू तेच.

"ताई! ओळखलंस का?"

"ओळखलं, साहेब."

नदीवर आता पक्का पूल झाला होता. त्याच्या तोंडाशी तुकडीचं स्मारक करायचं ठरलं होतं. कोठारात पडलेला जुना नांगर साहेबांनी शोधून काढला होता. दगडी चौथऱ्यातून लोखंडी पट्ट्या वर काढलेल्या, त्यांवर नांगर कायमचा जोडायचा. "आणि ते तुझ्याच हातून व्हायला पाहिजे," साहेब म्हणाले. "भाषणात मी सांगणारच आहे. सगळी तुकडी कधी ना कधी चुकली, पण आमची ताई? एकदाही नाही!"

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतो! सगळ्यांना सांगतो मी. इतक्या वर्षांत हेच सांगत आलोय."

तिच्या हातातली पक्कड टेबलावर आपटली. बुटांचा ट्रक, पोत्यातले पाय, पाणबुड्याचा खांदा, सगळं या माणसाने त्या कडीसारखंच पाण्यात टाकून दिलं होतं, आणि वर तिच्या गळ्यात हार घालायला निघाला होता. ती तोंड उघडणार होती. पण मग तिच्या लक्षात आलं. नांगर एकदा चौथऱ्याला जोडला की तो पुन्हा कोणाच्याच खांद्यावर जाणार नाही.

"येते," ती म्हणाली. "नांगर मात्र मी येईपर्यंत काठावर ठेवा. खाली, पाण्याजवळ."

ठरल्या दिवशी सकाळी ती यंत्र घेऊन पोचली. तुकडीतले उरलेसुरले म्हातारे झाडाखाली खुर्च्यांवर बसले होते. उस्ताद केव्हाच गेले होते. घोरासुराचे कान गेले होते, करपटचे दात. पाणबुड्या एका बाजूला उभा होता. उजवा खांदा अजून खाली झुकलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. नमस्कार-चमत्कार झाला नाही.

तिने यंत्र चौथऱ्यापाशी ठेवलं आणि काठाकडे उतरली. नांगराला चंदेरी रंग दिला होता, त्यामुळे तो एखाद्या लग्नातल्या अहेरासारखा दिसत होता. तिने दांड्याखाली खांदा घातला.

"अगं ताई!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, धरा कोणीतरी! ड्रायव्हरला बोलवा!"

दोघं-तिघं लगबगीने सरसावले.

"हात लावू नका!"

ओरडणारा पाणबुड्या होता. तो वाटेत आडवा उभा राहिला, वाकड्या खांद्यानिशी. "जो हात लावील त्याची माझ्याशी गाठ आहे. हा तिचा आहे. तिच्या वाटणीचा मी उचलला होता."

"पाणबुड्या, जुनं कशाला उकरतोस," साहेब म्हणाले.

"जुनं? साहेब, माझा खांदा रोज सकाळी नवा दुखतो." मग तो तिच्याकडे वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "तुला वाटलं, तू एकटीच जळतेस? पहिल्यांदा उचलला तेव्हा मला नाव मिळालं. दुसऱ्यांदा काय मिळालं? तुझ्याशी एक शब्द बोलावासा वाटला नाही मला. चूक तुझी नव्हती, म्हणजे होती, पण… जाऊ दे. उचल आधी. मग भांडू."

तिने उचलला. गुडघे कुरकुरले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ती उभी राहिली. फाटकाच्या जागी आता पुलाच्या तोंडाशी दिव्याचा खांब होता. तिथपर्यंत जायचं आणि परत. ती निघाली. पहिली काही पावलं फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

मग पाणबुड्या ओरडला, "काय गं ए, लग्नाला निघालीस का? पाय उचल!"

करपटने बोळक्या तोंडाने साथ दिली. "अगं, कडी खिशात नि डोकं कुठे?"

"अनवाणी पाठवलंस सैन्याला!" कोणीतरी मागून म्हणालं. घोरासुराला काही ऐकू येत नव्हतं. सगळे ओरडताहेत म्हणून तोही ओरडत होता. ती खांबाला वळसा घालून परत फिरली. चेहरा लालबुंद, घाम डोळ्यांत, आणि ती पुटपुटत होती. जवळच्यांनी ऐकलं, ती मोजून शिव्या देत होती. साहेबांना, उस्तादांना, स्वतःला, त्या कडीला.

नांगर चौथऱ्यावर टेकला. ती ओणवी होऊन दम घेत राहिली. कोणी खोकं सरकवलं नाही. पाणबुड्याने कोपऱ्यातल्या किटलीतून डाव्या हाताने चहा ओतला, अर्धा सांडला, आणि मग तिच्यापुढे धरला.

"उस्ताद असते तर त्यांनी ठेवलं असतं," तो म्हणाला. "आज मीच ठेवतो. ऐका रे! हिचं नाव बूटबुडवी!"

म्हातारे हसले, खोकले, पुन्हा हसले. तिने चहा घेतला. साखर बेताचीच होती. तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

साहेब मात्र हसले नव्हते. ते खुर्चीत परत बसले होते, हातात भाषणाचा कागद चुरगळत. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बरं, झालं ना ताई मनासारखं? चल, आता जोडून टाक. पाहुणे यायची वेळ झाली."

तिने हातमोजे चढवले, यंत्र सुरू केलं, मुखवटा कपाळावर ठेवला. आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"इथे ताई कोण आहे, साहेब?" पाणबुड्या म्हणाला.

"नावाने हाक मारा," ती म्हणाली. "मग जोडते."

"अगं, असं कसं बाईमाणसाला भर लोकांत…"

"याला पाणबुड्या म्हणता. त्याला घोरासुर म्हणता. भर लोकांत."

यंत्र घरघरत राहिलं. पुलावरून एक ट्रक गेला, काठावरची माती थरथरली. साहेबांनी काठीच्या मुठीकडे पाहिलं, मग नांगराकडे, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बूटबुडवी."

घोरासुराने कानामागे हात धरला. "काय म्हणाले? काय म्हणाले साहेब?"

"मोठ्याने म्हणा," ती म्हणाली. "त्याला ऐकू आलं नाही."

"बूटबुडवी!" साहेब ओरडले.

"हजर," ती म्हणाली, आणि मुखवटा खाली ओढला. "नजर फिरवा सगळ्यांनी."